तपकिरी वडीची बखर

राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिल्या गेल्या. देवळांचे शिलालेख वाचले गेले. लढायांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेण्यात माझ्या नोकरीची वीस वर्षे सरली. पण माणूस रोज जे खातो त्याची बखर सहसा कोणी लिहीत नाही. याचे कारण फार दूर शोधायला नको. ज्यांनी पदार्थ केले त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती ते पानावर बसल्यावरच स्वयंपाकघराकडे वळत. पदार्थ पोटात जातो, भांडी घासली जातात आणि पुरावा नाहीसा होतो. मागे उरतात त्या दंतकथा.

अशाच एका पदार्थाची हकीकत मला आज सांगायची आहे. पदार्थ आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतला, आणि वयाने अवघा सव्वाशे वर्षांचा. पण अलीकडे दिवाळीच्या फराळाच्या डब्यात चकली-चिरोट्यांच्या शेजारी तो निमूटपणे येऊन बसू लागला आहे, आणि शहरातल्या घरांत मुली तो आईच्या देखत, किंबहुना आईला शिकवीत करू लागल्या आहेत. त्याचे नाव ब्राउनी.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चॉकलेट आणि लोणी एकत्र वितळवायचे, त्यात साखर आणि अंडी घालायची, वर थोडा मैदा, मूठभर अक्रोड. हे मिश्रण चौकोनी ताटलीत ओतून भट्टीत भाजायचे आणि निवल्यावर सुरीने चौकोन पाडायचे. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ, चकचकीत आणि भेगाळलेला. आतला भाग ओलसर, दाट, दाताला किंचित चिकटणारा. केकसारखा तो फुगत नाही, बिस्किटासारखा कुरकुरत नाही. इंग्रजीत त्याला केकच्या जातीत घालावे की बिस्किटांच्या, यावर वाद आहे. मराठीत तो वाद उद्भवतच नाही. जी ताटात ओतली, थिजू दिली आणि कापली, ती वडी. आपल्या भाषेने हा प्रश्न खोबऱ्याच्या वडीपाशीच निकालात काढलेला आहे.

आता या वडीच्या जन्माच्या कथा पाहा. पहिली कथा शिकागोची. सन १८९३ मध्ये त्या शहरात कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद झाली आणि स्वामी विवेकानंदांचे नाव दिगंत झाले, म्हणून आपल्याला ते साल ठाऊक असते. त्या प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर. त्यांच्या यजमानांचे ‘पामर हाउस’ नावाचे मोठे हॉटेल होते. प्रदर्शनाला येणाऱ्या स्त्रियांना डब्यात देता येईल, हात न माखता खाता येईल, केकच्या फोडीहून लहान असेल असे काही गोड करा, अशी आज्ञा बाईंनी हॉटेलच्या आचाऱ्यांना केली आणि त्यातून ही वडी निघाली, असे ते हॉटेल सांगत आले आहे. त्यांच्या वडीवर अक्रोड असतात आणि जर्दाळूच्या पाकाचा हात फिरवलेला असतो.

दुसरी कथा मेन राज्यातल्या बँगर गावची. तिथे एका गृहिणीने चॉकलेटचा केक करायला घेतला. त्यात बेकिंग पावडर घालायची ती विसरली. केक बसला. पण बाई काटकसरी. तिने तो टाकून न देता त्याचे तुकडे केले आणि वाढले. लोकांना ते आवडले, झाली ब्राउनी! या गृहिणीचे नाव विचारावे तर कोणी सांगत नाही. काही लोक त्या गावच्या पाकशास्त्राच्या जाणकार मिल्ड्रेड ब्राउन श्रुम्फ यांचे नाव पुढे करतात. त्यांना लोक लाडाने ‘ब्राउनी’च म्हणत. पण या बाईंचा जन्म १९०३ चा, आणि बँगरच्या नावाची ब्राउनीची कृती १९०४ साली छापून आलेली आहे. वर्षाच्या मुलीने केक बिघडवला असेल, हे मी एक वेळ मान्य करीन. पण तो भट्टीत घातला असेल हे काही पटत नाही.

तिसरी कथा याच दुसरीचे भावंड आहे. कोणी म्हणते मैदा घालायचा राहिला, कोणी म्हणते बिस्किटाच्या पिठात चॉकलेट चुकून पडले. तपशील वेगळे, सार एकच: कोणा बाईच्या हातून चूक झाली आणि जगाला एक पदार्थ मिळाला.

कादंबऱ्या लिहिण्याच्या उद्योगामुळे गोष्टींच्या घडणीकडे संशयाने पाहण्याची मला सवय लागली आहे. न्यूटनच्या पुढ्यात सफरचंद पडले, ही गोष्ट त्याच्या बुद्धीची साक्ष म्हणून सांगतात. स्वयंपाकघरात मात्र तोच योगायोग बाईच्या विसराळूपणाची साक्ष होतो. तिने विचार केला, करून पाहिले, पुन्हा करून पाहिले, असे म्हणण्याची कल्पना कथेकऱ्याला सुचतही नाही. म्हणून मी कथा बाजूला ठेवल्या आणि छापील कृती पाहिल्या. त्या कृतींनी जे सांगितले ते मला कथांहून अधिक मनोवेधक वाटले.

ब्राउनी या नावाने पाककृती छापून आली ती १८९६ साली, ‘बॉस्टन कुकिंग स्कूल कुकबुक’ या ग्रंथात. लेखिका फॅनी फार्मर. या बाईंचा थोडा परिचय करून दिलाच पाहिजे. जन्म १८५७ चा, बॉस्टनचा. सोळाव्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यासारखे काही दुखणे आले, चालणे बंद झाले, आणि शिक्षण तिथेच थांबले. कित्येक वर्षे घरात पडून काढल्यावर त्या हळूहळू उठल्या, लंगडत का होईना चालू लागल्या, आणि तिशीत त्यांनी बॉस्टनच्या पाकशाळेत नाव घातले. ही पाकशाळा तिथल्या स्त्रीशिक्षण संस्थेने १८७९ साली काढलेली होती. १८८९ मध्ये बाई तिथला अभ्यासक्रम पुऱ्या करून बाहेर पडल्या, तिथेच शिक्षिका झाल्या आणि पुढे प्राचार्यही झाल्या.

त्याच सुमारास त्याच बॉस्टन शहरात आपली एक मराठी बाई व्याख्याने देत फिरत होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, आणि हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला साहाय्य करण्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली ती बॉस्टनमध्येच, १८८७ साली. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. तिकडच्या बायका मंडळे काढतात, वर्गणी जमवतात, सभा चालवतात, शाळा काढतात, याचे त्यांना फार अप्रूप वाटले होते. रमाबाई आणि फॅनी फार्मर यांची भेट झाली असे मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या हवेत एका बाईने विधवांच्या शाळेसाठी हात पसरला, त्याच हवेत दुसरीने स्वयंपाकाला शास्त्र म्हणून शिकवायला घेतले, एवढे ध्यानात ठेवावे. या वडीचा जन्म त्या हवेतला आहे.

फार्मरबाईंचा ग्रंथ छापायला प्रकाशक कचरत होते. बाईंनी आपल्या खर्चाने पहिल्या तीन हजार प्रती काढल्या. ग्रंथ इतका खपला की प्रकाशकाला आपल्या भित्रेपणाचा पश्चात्ताप झाला असावा. त्या पुस्तकाचे मोठेपण एका साध्या आग्रहात आहे. चमचा भरायचा आणि सुरीच्या पात्याने त्याचा माथा सपाट करायचा. कप भरायचा तोही सपाट. शीग नाही, खळगा नाही. तोवर अमेरिकेतल्या कृतींत अंड्याएवढे लोणी घ्या, चहाच्या कपाने पीठ घ्या, अशी भाषा चाले. अंडे कोंबडीचे की बदकाचे, कप आजीचा की नव्या सुनेचा, याचा खुलासा नसे. बाईंनी हे सारे एका मापाखाली आणले.

मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते. एक अष्टमांश, तीन चतुर्थांश हे अपूर्णांक मुलांच्या गळी उतरवताना काय यातायात होते ते मला विचारा. म्हणून या सपाट चमच्याचे मोल मी जाणते. पण म्हणून ‘अंदाज’ या गोष्टीला मी हसणार नाही. आपल्या आयाआज्यांचा अंदाज म्हणजे अज्ञान नव्हते. ते माप हातात मुरलेले होते, इतकेच. अनारसा तुपात सोडल्याबरोबर हसला, म्हणजे जाळी फुटून विरघळला, की माझी आजी पिठाकडे पाहूनच सांगे, गूळ किती जास्त झाला. तिच्या बोटांना तराजू होता. मात्र या मापाचा एक दोष आहे. ते पोस्टाने पाठवता येत नाही. लेक जवळ असेल, दहा दिवाळ्या आईच्या हाताखाली काढील, तरच ते तिच्या हातात उतरते. लेक आगगाडीत बसून हजार मैलांवर संसाराला गेली की अंदाज आईजवळच राहतो. गेल्या शतकाआधीच्या अमेरिकेत नेमके हेच घडत होते. खेडी सोडून शहरांकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे घरेच्या घरे चालली होती. अशा लेकींना सपाट चमचा ही परगावी भेटलेली आईच होती. आपल्याकडेही कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून संसाराला लागली, त्याचे मर्म हेच.

आता १८९६ ची ती पहिली ब्राउनी पाहा. लोणी एक तृतीयांश कप, पिठीसाखर एक तृतीयांश कप, पोर्टो रिकोची मोलॅसिस म्हणजे आपली काकवी एक तृतीयांश कप, अंडे एक, मैदा सात अष्टमांश कप आणि पेकन नावाच्या सुक्या मेव्याचे तुकडे कपभर. हे लहान लहान साच्यांत ओतायचे, प्रत्येकावर अर्धी पेकन ठेवायची आणि भाजायचे. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, या ब्राउनीत चॉकलेटचा कणही नाही! तिचा तपकिरी रंग काकवीचा.

ही कृती मी घरी करून पाहिली. पेकनच्या जागी अक्रोड घातले आणि मोलॅसिसच्या जागी कोल्हापूरकडची काकवी. पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरात गुऱ्हाळाचा वास सुटला. साच्यातून निघाले ते लहान, गडद, मऊ, चिवट असे मुटके. शेजारच्या काकूंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर मैद्याची गुळपापडी!” या मताशी बॉस्टनच्या बाई सहमत झाल्या असत्या असे मला वाटते. पण मला त्या मुटक्यांत निराळीच गोष्ट दिसली. त्या कृतीत बेकिंग पावडर नाही, सोडाही नाही. फार्मरबाईंच्या याच ग्रंथात बेकिंग पावडर घातलेले केक पानोपानी आहेत. म्हणजे ती वस्तू त्यांच्या फडताळात होती, तिचा गुण त्यांना पाठ होता, आणि या पदार्थात त्यांनी ती घातली नाही. बँगरच्या गृहिणीने विसरायला आधी कोणी घालायला तर हवी! ब्राउनी या नावाची वडी पहिल्यापासून बसकीच होती, आणि ती बसकी असावी असाच करणारणीचा हेतू होता.

चॉकलेट आले ते पुढच्या दहा वर्षांत. आजवर सापडलेल्या छापील कृतींत चॉकलेटच्या ब्राउनी १९०४ पासून दिसू लागतात; न्यू हँपशरमधल्या लॅकोनिया गावच्या ‘होम कुकरी’ नावाच्या पुस्तकात आणि शिकागोच्या सर्व्हिस क्लबने काढलेल्या पुस्तकात. नाव ‘बँगर ब्राउनी’. तेव्हा बँगर गावाचा या वडीवर काही हक्क आहे हे कबूल केले पाहिजे. मात्र तो हक्क विसरभोळेपणाचा नव्हे. या ब्राउनींत चॉकलेट बेताचे आणि पोत केककडे झुकलेला असे.

ही पुस्तके कोणत्या जातीची होती तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ पर्यंत चालले. तेव्हापासून तिकडे एक चाल पडली होती. चर्चसाठी, इस्पितळासाठी, अनाथांसाठी निधी हवा असला की गावच्या बायका आपापल्या कृती एकत्र करून पुस्तक छापीत आणि विकीत. रमाबाईंना ज्या मंडळांचे अप्रूप वाटले ती हीच मंडळे. पुस्तकात कृतीखाली देणारणीचे नाव असे, पण पुष्कळदा ते कसे? तर मिसेस अमुक, आणि पुढे नवऱ्याचे नाव आणि आडनाव. कृती बाईची, हात बाईचा, आणि सही नवऱ्याच्या नावाची. आपल्याला यात नवल वाटायला नको. लग्नपत्रिकांपासून मंगल कार्यालयांतल्या देणग्यांच्या पाट्यांपर्यंत आपणही हेच करीत आलो.

१९०६ साली फार्मरबाईंनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी दिली. साखर एक कप, वितळलेले लोणी पाव कप, अंडे एक, कडू चॉकलेटचे दोन चौकोन, मैदा अर्धा कप, अक्रोड अर्धा कप, व्हॅनिला पाऊण चमचा. सात इंची चौकोनी ताटली, तिला मेणकागद लावलेला, आणि भट्टी मंद. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, लाउनी नावाच्या बॉस्टनच्या चॉकलेटवाल्याने काढलेल्या पुस्तकात मारिया विलेट हॉवर्ड या बाईंनी तीच कृती पुढे नेली. साखर तेवढीच, मैदा तेवढाच, पण अंडी दोन आणि लोणी दुप्पट.

आता जरा पाटी पुढे ओढा. १८९६ मध्ये मैदा सात अष्टमांश कप होता आणि साखर व काकवी मिळून दोन तृतीयांश. म्हणजे पीठ गोडाहून जास्त. १९०६ मध्ये मैदा अर्ध्या कपावर उतरला आणि साखर कपभर झाली. मापाने दुप्पट, आणि वजनाने पाहिले तर साखर मैद्याच्या जवळजवळ तिप्पट भरते. साध्या केकमध्ये ही दोन्ही साधारण सारख्या वजनाची असतात. १९०७ मध्ये लोणी आणि अंडे वाढले. अकरा वर्षांत तीन पावले, आणि तिन्ही एकाच दिशेला: पीठ कमी, गोडी आणि स्निग्धता जास्त.

या पावलांचा परिणाम काय होतो? साखर पाण्याला धरून ठेवते. मैद्याला फुगायला आणि घट्ट जाळे विणायला जे पाणी हवे असते ते साखर पळवते, म्हणून वडी आतून ओलसर राहते. अंड्यात विरघळलेली साखर भाजताना वर येऊन सुकते, तोच तो चकचकीत पापुद्रा. चॉकलेटमधले कोकोचे लोणी निवल्यावर थिजते, म्हणून गरम ब्राउनी कापली तर चिखल होतो आणि धीर धरला तर सुबक चौकोन पडतात. घरी मी १९०६ ची आणि १९०७ ची, दोन्ही ताटल्या एकाच दुपारी भाजल्या. पहिली चिवट, जरा टॉफीकडे झुकणारी. दुसरी मऊ, दाट, तीच आज सारे जग ओळखते ती. एका अंड्याने आणि पाव कप लोण्याने केवढा फरक पडतो हे जिभेला कळते. जिच्या हातून हा फरक घडला ती प्रत्येक वेळी मोजून, चाखून, पुन्हा मोजून पुढे गेली असली पाहिजे. चूक माणसाला एकदा योग्य ठिकाणी नेऊन सोडते. तीनदा, एकाच वाटेने, पुढे नेत नाही.

शिवाय भट्टीचा विचार करा. आज आपण बटण फिरवतो आणि एकशेपंच्याहत्तर अंशांवर निश्चिंत राहतो. घरगुती शेगडीला उष्णता आपोआप आवरणारे यंत्र बसले ते १९१५ साली. त्याआधी लाकूड-कोळशाच्या लोखंडी चुलीच्या पोटात हात घालायचा, आकडे मोजायचे, किती आकड्यांपर्यंत हात सोसतो त्यावरून आच ओळखायची. कोणी कागदाचा तुकडा आत ठेवून तो किती वेळात पिवळा पडतो ते पाही. अशा चुलीत मंद आच धरून आतून ओलसर, वरून पापुद्रा धरलेली वडी काढणे हे येरागबाळ्याचे काम नोहे. आपल्या चुलीला असे पोट कधी नव्हतेच. म्हणून मराठीत भाकरी, वांगे, पापड आणि केक, सगळ्यांना एकच क्रियापद: भाजणे. नानकटाई घरी मळायची आणि पत्र्यावर मांडून बेकरीत भाजून आणायची, हा माझ्या लहानपणापर्यंतचा रिवाज होता.

चॉकलेट याच वेळी वडीत का शिरले, याचे उत्तर बाजारात आहे. डॉर्चेस्टरला, म्हणजे बॉस्टनच्या उंबरठ्यावरच, १७६५ पासून चॉकलेट दळले जात होते. जेम्स बेकर आणि आयर्लंडहून आलेला जॉन हॅनन यांनी नेपॉन्सेट नदीवरच्या पाणचक्कीत ते सुरू केले. १८२८ मध्ये हॉलंडात व्हॅन हाउटेनने कोकोतली चरबी दाबून काढण्याची युक्ती शोधली आणि चॉकलेट हळूहळू श्रीमंतांच्या पेल्यातून सामान्यांच्या फडताळात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चॉकलेटवाले पाकशाळेतल्या बायकांकडून कृतींची पुस्तके लिहवून घेऊ लागले. बेकर कंपनीसाठी मारिया पार्लोआ यांनी लिहिले, लाउनीसाठी हॉवर्डबाईंनी. माल गिरणीचा, अक्कल बाईंची.

पण कपाटातल्या बरण्यांची नावे वाचत गेले की ताटलीभोवती आणखी कितीतरी माणसे येऊन उभी राहतात. त्या पहिल्या ब्राउनीतली पोर्टो रिकोची काकवी ज्या उसाच्या मळ्यांतून आली, तिथे गुलामगिरी कायद्याने उठली ती १८७३ साली, म्हणजे पुस्तकाच्या अवघ्या तेवीस वर्षे आधी. व्हॅनिलाची कथा याहून हृदयाला भिडणारी. ही वेल मूळची मेक्सिकोची. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर ती लावली तर फुले येत, शेंगा धरत नसत, कारण परागसिंचन करणारे तिकडचे कीटक तिथे नव्हते. फूल उमलते ते एकच दिवस. मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना जी सुलभ रीत साधली नाही ती १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काढली. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने परागाला त्याच्या जागी टेकवायचे. आजही जगभर व्हॅनिला याच रीतीने धरते. १८४८ मध्ये गुलामगिरी उठल्यावर त्याला आल्बियुस हे आडनाव मिळाले. एका फ्रेंच शास्त्रज्ञाने, ही रीत आपणच त्याला शिकवली, असा दावाही करून पाहिला. तेव्हा एडमंडच्या बाजूने उभा राहिला तो त्याचा पूर्वीचा मालक. १८८० मध्ये एडमंड दारिद्र्यात मेला.

आणि कोको? ज्या १९०६ साली फार्मरबाईंनी चॉकलेटची ब्राउनी छापली, त्याच साली हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराचे पुस्तक निघाले. पोर्तुगिजांच्या साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवर कोकोच्या मळ्यांत अंगोलातून आणलेली माणसे ‘कंत्राटी मजूर’ या नावाखाली गुलामीत राबवली जातात, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले. १९०९ मध्ये कॅडबरी आणि इतर इंग्रज कंपन्यांनी तिथला कोको घेणे थांबवले. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे त्या दोन देशांत कोकोच्या शेतीत बालमजुरी करणारी मुले सुमारे साडेपंधरा लाख. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची. वडी घरची खरी. पण तिच्यातले घर किती आणि बाहेर किती, हे एकदा मोजून पाहावे.

उरला प्रश्न नावाचा. ब्राउन म्हणजे तपकिरी, एवढ्यावर भागले असते. पण ब्राउनी हा शब्द पदार्थाहून पुष्कळ जुना आहे. स्कॉटलंडच्या लोककथांत ब्राउनी हे घरात वस्तीला असलेले एक लहानखुरे, केसाळ भूत. घरचे सगळे निजले की ते उठते, झाडलोट करते, दळण दळते, दूध घुसळते, आणि पहाटे नाहीसे होते. त्याच्यासाठी चुलीजवळ दुधा-सायीची वाटी ठेवायची, बस्स. त्याची नोंद घ्यायची नाही. उपकाराची फेड म्हणून कोणी त्याला नवे कपडे दिले, तर ते घर सोडून निघून जाते. पामर कॉक्स या चित्रकाराने १८८३ पासून या ब्राउनींची चित्रे मुलांच्या मासिकात काढली, १८८७ मध्ये त्यांचे पुस्तक झाले, आणि साऱ्या अमेरिकेला त्यांचे वेड लागले. १९०० साली कोडॅक कंपनीने डॉलरला मिळणारा कॅमेरा काढला, त्याचेही नाव ब्राउनी. त्या लाटेच्या ऐन भरात बॉस्टनच्या लहानशा तपकिरी केकने तेच नाव घेतले. नाव ठेवणारणीच्या मनात फक्त रंग असेल, फक्त चित्रे असतील. पण रात्री निमूट राबणाऱ्या, ज्याची नोंद घ्यायची नाही अशा घरभुताचे नाव या पदार्थाला मिळावे, याहून चपखल बारसे मला कादंबरीतही सुचले नसते.

आणि यावर कळस पाहा. १९२१ साली मिनियापोलिसच्या एका पिठाच्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी बेटी क्रॉकर नावाची बाई निर्माण केली. ती कधी जन्मली नव्हती. आडनाव कंपनीच्या एका निवृत्त संचालकाचे. सही मात्र कार्यालयातल्या मुलींपैकी एकीच्या हस्ताक्षरातली. १९४५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने सांगितले की अमेरिकेतल्या लोकप्रिय स्त्रियांत तिचा क्रमांक दुसरा, पहिल्या अध्यक्षपत्नी एलिनॉर रूझवेल्ट. पुढे ब्राउनीचे तयार पीठ खोक्यातून विकायला आले, त्यावरही तिचेच नाव. जी कधी नव्हती तिला नाव, सही आणि कीर्ती. ज्या होत्या त्या कोणा मिस्टरांच्या मिसेस.

फार्मरबाईंचे नाव तेवढे टिकले, कारण त्यांनी ते आपल्या खर्चाने छापले. अखेरच्या वर्षांत चाकाच्या खुर्चीत बसून त्या व्याख्याने देत, हार्वर्डच्या वैद्यकशाळेत आजाऱ्यांच्या पथ्यावर शिकवीत. १९१५ मध्ये त्या वारल्या. पण ब्राउनीच्या जनक म्हणून मी त्यांनाही बसवणार नाही. काकवीची वडी चॉकलेटची कोणी केली, पिठाचे माप अर्ध्यावर कोणी आणले, ताटलीत ओतून कापायची युक्ती कोणाची, या प्रत्येक पावलामागे चुलीत हात घालून आकडे मोजणारी कोणी ना कोणी बाई उभी आहे. लोककथेतले भूत नवे कपडे मिळाले की घर सोडून जाते. या बायकांना चोळीचा खणही कोणी दिला नाही आणि त्या घर सोडून गेल्याही नाहीत. तेव्हा पुढल्या वेळी कोणी हसत हसत सांगू लागले की एक वेंधळी बाई बेकिंग पावडर विसरली म्हणून ब्राउनी झाली, तर त्याला अडवावे आणि सांगावे: नाही हो, ती विसरली नव्हती. तिने मोजून घेतले होते.